कॅन्डिड फोटो लपून मिळत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून सुट्ट्यांमध्ये प्रवास आणि फोटोग्राफी चालू आहे. निसर्गाचे, इमारतींचे फोटो जमतात, पण माणसं समोर आली की हात आखडतो. समोरच्याला कॅमेरा दिसला की तो पोझ देतो, म्हणून लांबून टिपायला 70-300 मिमीची झूम घेतली, तरी फोटोंत जीव येत नाही. कॅन्डिड, म्हणजे पोझ न देता सहज टिपलेला फोटो, जमवायचा कसा? आणि ट्रॅव्हल फोटोग्राफीवर पोट भरतं का?

मी बरीच वर्षं याच कामावर जगतो आहे, आणि या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: तुम्ही एका जागी पुरेसा वेळ काढत नाही. चांगला कॅन्डिड फोटोही तिथेच अडतो आणि करिअरही तिथेच. कसं, ते सांगतो.

आधी लेन्सबद्दल. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-दूरच्या गोष्टी एकमेकांच्या तुलनेत किती मोठ्या दिसतात ते, लेन्सने ठरत नाही, अंतराने ठरतं. 300 मिमीने टिपलेला चेहरा मोठा येतो, पण तो माणूस कुठे उभा आहे, कोणाशी बोलतोय, त्याच्या मागे काय चाललंय, हे सगळं धुरकट होऊन जातं. पाहणाऱ्याला तांत्रिक कारण सांगता येणार नाही, पण फोटो काढणारा रस्त्याच्या पलीकडे उभा होता एवढं त्याला नक्की जाणवतं. शिवाय लांब लेन्समुळे आपण दिसत नाही हा भ्रम आहे. तीस मीटरवरून आपल्याकडे रोखलेली भलीमोठी लेन्स माणसाला बरोबर दिसते, आणि तेव्हा आपल्यावर कोणी पाळत ठेवतंय असंच त्याला वाटतं. दोन मीटरवर छोटा कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस फार तर आगंतुक वाटतो. आगंतुकाशी लोक बोलतात तरी.

लपून फोटो काढण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात मोठी नावं आहेत, हे मान्य. पॉल स्ट्रँडने 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कॅमेऱ्याला एक खोटी लेन्स बसवली होती; लोकांना वाटायचं हा दुसरीकडेच बघतोय. वॉकर इव्हान्स 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून बसायचा. लेन्स बटणांच्या मधून बाहेर डोकवायची आणि शटरची केबल बाहीतून हातात आलेली असायची. एरिक सॉलोमनने 1920च्या दशकाच्या अखेरीस एर्मानॉक्स नावाचा छोटा, मोठ्या ॲपर्चरचा (म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र मोठं असलेला) कॅमेरा टोपीत लपवून जर्मन न्यायालयात फोटो काढले. पण यातल्या प्रत्येकाचं कारण बघा. न्यायालयात कॅमेऱ्याला परवानगीच नव्हती. इव्हान्सला नेमका तोच चेहरा हवा होता, जो आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटल्यावर माणूस धारण करतो. तो त्याच्या कामाचा विषयच होता, आणि ते फोटो पुस्तकात यायला 1966 साल उजाडलं. तुमच्याकडे असं काही कारण नाही. तुमचं लपणं संकोचातून आलं आहे, आणि संकोच फोटोत उतरतोच.

सॉलोमनचीच गंमत पाहा. त्याच्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक 1931 मधला, पॅरिसमधल्या एका सरकारी मेजवानीचा आहे. त्यात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियाँ थेट कॅमेऱ्याकडे बोट दाखवतायत, सापडला लबाड, अशा आविर्भावात, आणि बाकीचे त्याच्याकडे वळून बघतायत. लपून फोटो काढण्यासाठी नाव मिळवलेल्या माणसाचा हा फोटो तो पकडला गेल्याचा आहे, आणि तरीही त्यातलं एकही माणूस अवघडलेलं नाही. कारण तोपर्यंत या मंडळींना त्याची सवय झाली होती.

सवय हाच कळीचा मुद्दा आहे. कॅमेरा दिसला की माणूस पोझ देतो हे खरं, पण किती वेळ? काही सेकंद, फार तर काही मिनिटं. चेहरा धरून ठेवणं हे कष्टाचं काम आहे आणि लोकांना त्यांची स्वतःची कामं असतात. तुम्ही पहिल्या पोझनंतर समाधानाने किंवा निराशेने निघून जाता, म्हणून तुमच्याकडे फक्त पोझ जमा होतात.

मेरी एलन मार्क या अमेरिकन फोटोग्राफरचं उदाहरण मी नेहमी देतो. मुंबईच्या फॉकलंड रोडवर वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे फोटो काढायचा प्रयत्न ती भारतात येईल तेव्हा करत होती. जवळपास दहा वर्षं तिच्या वाट्याला फक्त विरोध आला. अंगावर कचरा आणि पाणी फेकलं गेलं. 1978 मध्ये ती ठरवून परत आली आणि रोज तिथे जाऊन उभी राहू लागली. आधी तोच राग, मग कुतूहल, मग कोणीतरी चहाला बोलावलं, आणि मग दारं उघडली. काही महिन्यांच्या त्या मुक्कामातून जे रंगीत फोटो आले ते आजही अभ्यासले जातात. ते लपून काढणं शक्यच नव्हतं. छोट्या खोल्यांत, हातभर अंतरावरून काढलेले आहेत ते. फोटोतल्या स्त्रियांना ती तिथे आहे हे पुरतं ठाऊक होतं. त्यांनी तिची दखल घेणं सोडून दिलं होतं, एवढंच.

आता तुम्हाला काही महिने मिळणार नाहीत हे मला कळतं. एक सकाळ तर मिळते ना? माझी पद्धत सांगतो. नव्या जागी पाऊल ठेवल्यापासून कॅमेरा गळ्यात, उघड. बॅगेतून अचानक निघालेला कॅमेरा लोकांना दचकवतो. आल्यापासून गळ्यात असलेला कॅमेरा हा तुमच्या कपड्यांसारखाच तुमचा भाग होतो. पहिला बराच वेळ मी माणसांचे फोटो काढत नाही. भिंती, अवजारं, सावल्या, दारं टिपतो. यातले फोटो क्वचितच वापरले जातात. पण हा इथे फोटो काढत फिरणारा माणूस आहे हे सगळ्यांना कळून जातं, आणि मलाही उजेड कुठून येतोय, गर्दी कुठून कुठे वाहतेय हे समजतं. कोणी विचारलं, काय करताय, तर खरं आणि छोटं उत्तर देतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर काढलेले फोटो दाखवतो. स्थानिक भाषेतले नमस्कार, धन्यवाद, छान, काढू का, एवढे शब्द पाठ असतातच.

मग एका जागी थांबायचं. चालत राहणारा फोटोग्राफर प्रत्येक दहा पावलांवर नव्याने परका होतो. एका कोपऱ्यात उभा राहिलेला हळूहळू जुना होत जातो. कोणतंही काम घ्या, जाळं ओढणं असो, गोण्या रचणं असो, केस कापणं असो, त्याला ठरावीक लय असते आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा येते. पहिल्यांदा हुकली तरी बिघडत नाही. तिसऱ्यांदा तुम्हाला ती आधीच कळते. जमलंय की नाही याची माझी एक खूण आहे. एका बंदरावर पहाटेच्या माशांच्या लिलावात मी बऱ्याच सकाळी जात होतो. सुरुवातीला सगळे हसून बघायचे, टोपल्या उचलून दाखवायचे. मग एके दिवशी ओझं घेऊन आलेल्या एका बाईने माझ्याकडे न बघताच मला कोपराने बाजूला सारलं. लोक तुम्हाला पाहुणा समजायचं सोडून अडचण समजायला लागले की समजावं, आता फोटो मिळणार.

सेटिंगचं फार स्तोम माजवू नका, पण ते आधीच लावून ठेवा. डायलशी खटपट करत उभा राहिलेला माणूस सगळ्यांच्या नजरेत भरतो. फुल फ्रेमवर (जुन्या 35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) 35 मिमी लेन्स, ॲपर्चर एफ 8, फोकस हाताने 3 मीटरवर लावून ठेवला तर साधारण 1.9 मीटरपासून 7 मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. 28 मिमी असेल तर 2.5 मीटरवर लावा. दीड मीटरच्या आतबाहेरपासून 10 मीटरपर्यंत निभावतं. शटर 1/250 सेकंद, चालत्या माणसांना ते पुरतं. हातवारे, पाणी, खेळणारी मुलं असतील तर 1/500. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ऑटोवर. उजेड कमी झाला की ॲपर्चर उघडावं लागतं आणि हा हिशेब मोडतो, तेव्हा ऑटोफोकसवर या. आजकालचे कॅमेरे डोळा ओळखून फोकस धरतात, ते उत्तमच आहे. पण तुमच्या गोष्टीत महत्त्वाचा असलेला माणूस कोणता हे कॅमेऱ्याला कळत नाही, तो बहुधा जवळचा चेहरा धरतो. सायलेंट शटरचा मोह होतो. मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांत एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत पट्टे उमटतात आणि वेगाने हलणाऱ्या वस्तू वाकड्या येतात. मला तर साधं, ऐकू येणारं शटर बरं वाटतं. ते ऐकून ऐकूनच लोकांना सवय होते.

मोबाइलने काढलं तर चालेल का, असं पुढे कोणी विचारेलच. चालेल.

फ्रेम आधी, माणूस नंतर. हे वाक्य मी शिकवताना इतक्यांदा म्हणतो की आता माझेच विद्यार्थी माझी नक्कल करतात. नवखा फोटोग्राफर रंजक चेहऱ्याच्या मागे धावतो आणि त्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला फोटो घेऊन येतो. त्याऐवजी आधी जागा शोधा: उजेडाचा एखादा पट्टा, एकमेकांत न मिसळणारे रंग, दोन वाटा एकत्र येतात असं ठिकाण. कडा तपासा, पार्श्वभूमी तपासा, आणि मग माणूस येण्याची वाट बघा. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा 1932 मधला, फ्रान्समधल्या इएर गावचा फोटो शोधून बघा. वरून दिसणारा वळणदार जिना आणि खाली रस्त्यावरून निसटत जाणारा सायकलस्वार. जिन्याचं वळण तिथे होतंच. सायकल त्या वळणाला जिथे पूर्ण करते तिथे शटर पडलं आहे. त्याच्या नावाशी जोडला गेलेला निर्णायक क्षण लोक चुकीचा समजतात, जणू तो वीज पडावी तसा एकदाच येतो. त्याच्या कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकत्र छापलेले कागद) बघितल्या तर एकाच प्रसंगाच्या कितीतरी फ्रेम दिसतात. तोही घेत राहायचा, सरकत राहायचा.

भारतीय फोटोग्राफर रघुबीर सिंग यांनी फ्रेमचा प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने सोडवला. भारतभर फिरताना त्यांनी अँबॅसेडर गाडीच्या काचा, दारं, आरसे यांनाच चौकट बनवलं. बाहेरचा रस्ता, आरशातला मागचा रस्ता आणि गाडीचा सांगाडा, तिन्ही एकाच फोटोत. मर्यादा स्वतःवर लादून घेतली की डोळा कामाला लागतो. तुम्हीही वर्षभर एकच फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) वापरून बघा, 28 किंवा 35. कुठे उभं राहायचं हे पायांना कळायला लागेल आणि मग कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फ्रेम दिसेल.

आता परवानगीचं. विचारलं की कॅन्डिड संपला, असं तुम्हाला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मी पुष्कळदा आधी विचारतो. माणूस ताठ होतो, हसतो, पोझ देतो. तो पोर्ट्रेट मी मनापासून काढतो, त्याला दाखवतो. मग कॅमेरा थोडा खाली घेतो आणि तिथेच राहतो. पोझ सुटल्यावर खांदे उतरतात, तो शेजाऱ्याकडे वळून काहीतरी म्हणतो, लाजतो, कामाला लागतो. माझ्या संग्रहातले बरेच चांगले कॅन्डिड फोटो या पोर्ट्रेटनंतरच्या मिनिटाभरातले आहेत. उलट एखादा क्षण विचारण्याआधीच घ्यावा लागतो; तेव्हा घ्या, पण फोटो काढून झाल्यावर नजर चुकवून सटकू नका. त्या माणसाकडे बघा, मान हलवा, हसा. काढल्यानंतर मिळालेली संमती हीसुद्धा संमतीच आहे, आणि पळून जाणारा फोटोग्राफर पुढच्या दहा जणांसाठी वाट बंद करून जातो.

नाही म्हटलं तर नाही. तळहात वर आला, मान वळली, पदर किंवा वर्तमानपत्र चेहऱ्यावर आलं की विषय संपला. डिलीट करा म्हणाले तर समोर डिलीट करतो, वाद घालत नाही. आपण पाहुणे म्हणून जातो आणि शिकारी म्हणून वागतो तेव्हा काय होतं हे जपानमधल्या क्योटोत दिसलं. गिऑन भागात गेइको आणि माइको, म्हणजे पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या गेइशा आणि त्यांच्या शिकाऊ मुली, यांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पर्यटकांना लोक इतके कंटाळले की 2019 मध्ये तिथल्या खाजगी गल्ल्यांत फोटोबंदी आली, 10,000 येन दंडाच्या पाट्या लागल्या, आणि 2024 मध्ये अशा गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच बंद करण्यात आला. कायदाही देशागणिक वेगळा आहे. फ्रान्समध्ये माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क फार गंभीरपणे घेतला जातो. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकॉर्शियाने टाइम्स स्क्वेअरमध्ये अनोळखी लोकांचे लपवलेल्या फ्लॅशने चेहरे टिपले, त्यातल्या एकाने खटला भरला, आणि 2006 मध्ये न्यायालयाने फोटोग्राफरच्या बाजूने निकाल दिला: हे कलेसाठी आहे, जाहिरातीसाठी नाही. म्हणून जाण्याआधी त्या देशाचा नियम वाचून जा. कायद्याने चालतं तेवढं सगळं करायलाच हवं असंही नाही. आजारी, शोकात असलेल्या, नशेत असलेल्या माणसाचा फोटो मी घेत नाही. मुलांचा घ्यायचा तर सोबतच्या मोठ्या माणसाला विचारून. गरिबीचे रंगीत फोटो काढून भिंती सजवण्याबद्दल माझं मत कडू आहे, ते इथे लांबवत नाही.

पैसे द्यावेत का? पोझसाठी पैसे दिले की तुम्ही गिऱ्हाईक होता, आणि गिऱ्हाइकासमोर कोणी बेसावध राहत नाही. मी त्यांच्याकडून काहीतरी विकत घेतो, किंवा छापील फोटो पाठवतो. पाठवतो म्हटलं तर पाठवतोच. पुन्हा त्याच जागी जायची याहून चांगली सोय नाही.

कॅन्डिडचा एक करार पाहणाऱ्याशीही असतो. रोबेर दुआनोचा पॅरिसच्या हॉटेल द व्हिलजवळच्या चुंबनाचा 1950 मधला फोटो जगभर भिंतींवर लागला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कोर्टकचेरी झाली तेव्हा उघड झालं की ती जोडी नाट्यकलेचे विद्यार्थी होते आणि फोटो ठरवून काढला होता. फोटो वाईट ठरला नाही, पण लोकांना फसल्यासारखं वाटलं. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी 1982च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले, ते प्रकरण अजून निघतं. अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरी यांच्या फोटोंत फेरफार केल्याचं 2016 मध्ये समोर आलं, तेव्हा आपण स्वतःला फोटोपत्रकार नव्हे तर दृश्यकथाकार मानतो अशी भूमिका त्यांनी घेतली. ते शब्द घेऊन तुम्ही तुमचं बघा. मी एवढंच पाळतो: कोणाला पुन्हा चालायला लावलं, टोपी घालायला सांगितलं, तर तो फोटो कॅन्डिड म्हणून देत नाही. हॉटेल किंवा विमान कंपनीच्या कामात सगळंच ठरवून केलेलं असतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त लेबल खरं हवं.

यावर पोट भरतं का? भरतं, पण तुमच्या मनातल्या चित्राप्रमाणे नाही. मासिकं तिकीट पाठवतायत आणि तुम्ही फिरताय, असं काम फार थोड्यांना मिळतं, आणि त्यांनाही वर्षातले थोडेच दिवस. बाकी उत्पन्न तुकड्यातुकड्यांनी येतं: पर्यटन मंडळं, हॉटेलं, स्वयंसेवी संस्था, कार्यशाळा, सहली नेणं, लेखन, प्रिंट, जुन्या फोटोंचे परवाने. स्टॉक एजन्सीवर, म्हणजे तयार फोटो साठवून कोणालाही वापरायला विकणाऱ्या कंपन्यांवर, फोटो विकून जगण्याचे दिवस इंटरनेटवर स्वस्त स्टॉक आला तेव्हाच ओसरले. आता सूर्यास्त, रिकामा किनारा, ढगातलं शिखर असल्या निनावी चित्रांची उरलीसुरली मागणी एआयने बनवलेल्या प्रतिमा खातायत. म्हणजे तुम्हाला आज जमतं तेच सगळ्यात आधी स्वस्त झालंय, हे ऐकायला बरं नाही, पण आहे असं. खऱ्या जागी, खऱ्या तारखेला, खऱ्या माणसाचा काढलेला आणि त्याची माहिती सोबत असलेला फोटो मात्र बनवता येत नाही.

सोबतची माहिती हा शब्द हलका घेऊ नका. नवख्यांचं काम मी बघतो तेव्हा सगळ्यात मोठी पोकळी तिथेच दिसते. डोरोथिया लँगने 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ एका स्थलांतरित आईचा फोटो काढला, तो विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक झाला, पण लँगने तिचं नावच विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन हे नाव जगाला 1978 मध्ये कळलं, तेही त्या बाईंनी स्वतः पुढे येऊन सांगितलं तेव्हा. फोटो काढून मोबदला मिळाला नाही याची खंत त्यांना होती. संपादकाला आज हे चालत नाही. कोण, कुठे, केव्हा, काय करतोय, हे त्याला हवं असतं, आणि तुम्ही चार सेकंद थांबून निघालात तर ते तुमच्याकडे नसतं.

इथे कॅन्डिड आणि कमाई एकमेकांना भेटतात. ओळखता येणाऱ्या माणसाचा फोटो बातमी, लेख, पुस्तक यांत सहसा त्याच्या सहीशिवाय वापरता येतो. जाहिरातीत वापरायचा तर त्या माणसाचं सही केलेलं मॉडेल रिलीज (फोटो वापरायला दिलेलं लेखी संमतिपत्र) लागतं, आणि पैसे जाहिरातीतच जास्त असतात. लपून काढलेल्या फोटोला रिलीज कुठून आणणार? अर्धा दिवस ज्यांच्यात काढला, ज्यांना फोटो दाखवले, त्यांच्याकडे सही मागता येते. त्यांच्या भाषेतला फॉर्म फोनमध्ये ठेवा, आणि सही कशासाठी हे खरंखरं सांगा. नाव कळतं, कॅप्शन मिळते, परत जायला ओळख उरते. रिलीज फक्त माणसांचं नसतं हेही लक्षात ठेवा. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो मुक्त आहे, पण रात्रीच्या रोषणाईवर हक्क सांगितला जातो, आणि व्यावसायिक वापराला परवानगी घ्यावी लागते.

हक्क तुमच्याकडे ठेवा. 1947 मध्ये मॅग्नम ही फोटोग्राफरांची सहकारी संस्था उभी राहिली त्यामागे हीच मागणी होती: फोटोचा मालक मासिक नव्हे, फोटोग्राफर. करारात वापर कुठे, किती काळ, कोणत्या देशात, दुसऱ्या कोणाला देता येईल का, हे लिहिलेलं नसेल तर विचारा. सगळे हक्क कायमचे, असं लिहिलेलं असेल तर त्याची वेगळी किंमत सांगा. फोटोखाली नाव देऊ म्हणून फुकट मागणारे येतील. एक ग्राहक असाही भेटला होता ज्याने एका पुस्तिकेसाठी फोटो घेतले आणि पुढे ते होर्डिंगवर चढवले. करार लेखी होता म्हणून फरकाचे पैसे वसूल झाले, नाहीतर मी फक्त चिडलो असतो.

कामाची निवड कशी होते तेही सांगतो. संपादक किंवा ग्राहक तुम्ही किती देश पाहिले हे मोजत नाही. वीस देशांतले वीस सुंदर फोटो सगळ्यांकडे असतात. एकाच जागेचे, एकाच विषयाचे, अनेक ऋतूंतले तीस फोटो ज्याच्याकडे असतात त्याच्यावर काम सोपवायला त्याला भीती वाटत नाही, कारण पाऊस पडला, बंद झालं, परवानगी नाकारली तरी हा काहीतरी घेऊन येईल हे त्यातून दिसतं. म्हणून पुढची दोन वर्षं लांबचे प्रवास कमी करा आणि सुट्टीत पोहोचता येईल अशी एकच जागा निवडा: बाजार, बंदर, रेल्वेचं जंक्शन, नदीचा घाट, काहीही. पुन्हा पुन्हा जा. नोकरी सोडायचा विचार तेव्हा करा, जेव्हा नोकरीबाहेरच्या फोटोच्या कामासाठी सुट्टी कमी पडायला लागेल आणि दोनतीन ग्राहक स्वतःहून परत आलेले असतील. एकाच्या भरवशावर सोडू नका. एका ठिकाणचा माणूस बदलला की तुमचं काम जातं.

फोटो निवडायची घाई करू नका. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड काढलेले रोल मुद्दाम वर्ष-दोन वर्षं डेव्हलप न करता ठेवायचा, काढतानाच्या उत्साहाचा फोटोवर पडलेला रंग उतरावा म्हणून. 1984 मध्ये तो गेला तेव्हा सुमारे 2,500 रोल डेव्हलप व्हायचे राहिले होते, म्हणजे अतीही करता येतं. मी सगळ्यांत आधी कॅप्शन त्याच रात्री लिहितो, कारण नावं दुसऱ्या दिवशी विसरतात, आणि निवड काही आठवड्यांनी करतो. ज्या फोटोसाठी खूप कष्ट पडले तो चांगलाच असणार असं मन सांगत असतं. त्या मनाला थोडं थकू द्यावं लागतं. ग्राहकाची तारीख आली तर अर्थातच दुसऱ्याच दिवशी निवडून देतो.

शेवटी एक कोरडी पण कामाची गोष्ट. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, कधीही टाकू नका, आधीच्या-नंतरच्या फ्रेमसकट ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धा मूळ फाइल मागतात, आता ग्राहकही मागू लागलेत, आणि 2023 पासून फोटोवर तो कधी, कशाने काढला याची डिजिटल मोहोर उमटवणारे कॅमेरेही निघालेत. लायका एम11-पी त्यातला पहिला. तुमच्या कॅमेऱ्यात ती सोय नसली तरी आत्ता बिघडत नाही. फोटोच्या फाइलमधल्या आयपीटीसी रकान्यांत (फोटोची माहिती भरायच्या ठरलेल्या जागांत) नाव, जागा, तारीख, प्रसंग आणि रिलीज आहे की नाही एवढं भरायची सवय मात्र या रविवारच्या फोटोंपासूनच लावा.